हॉर्नच्या खुर्चीतून बँडसमोर: नागपूरच्या तरुण वादकासाठी क्रमवार मार्गदर्शन

शाळेच्या किंवा एनसीसीच्या बँडमध्ये तीन-चार वर्षं हॉर्न वाजवलेल्या मुलाला किंवा मुलीला एक दिवस वाटतं, आता बँड चालवायचा, म्हणजे कंडक्टर होऊन समोर उभं राहायचं आणि हाताने बँडला लय दाखवायची. मग मोबाइलवर व्हिडिओ लावून हात हलवणं सुरू होतं. आठवडाभरात चार बीटचा नकाशा, म्हणजे हाताने हवेत काढायची आकृती, जमतो, कंडक्टरची छोटी काठी हातात येते आणि पहिल्याच तालमीत बँड आपल्या लयीत वाजत राहतो, समोरच्या हाताकडे कुणी बघतही नाही. बघतील कशाला? त्या हातात बँडला उपयोगी पडेल अशी माहितीच नसते. आधी कान तयार व्हावा लागतो, मग कागद वाचता यावा लागतो आणि हाताची पाळी त्यानंतर येते. हा क्रम उलटा करणारी मुलं मी नागपुरात वर्षानुवर्षं बघतोय, म्हणून इथे सगळं क्रमाने मांडलं आहे. टप्पे गाळू नका.

## सुरू करण्यापूर्वी

आधी आपल्या हातात नेमका कोणता हॉर्न आहे ते बघा. आपल्याकडे 'हॉर्न' म्हणून तीन वेगळी वाद्यं वाजवली जातात: एफ पट्टीचा फ्रेंच हॉर्न, मैदानी बँडमधला एफ पट्टीचा मेलोफोन आणि ई फ्लॅट पट्टीचा आल्टो किंवा टेनर हॉर्न. तुमच्या नोटेशनच्या कागदावर डाव्या कोपऱ्यात पट्टी लिहिलेली असते. ती बघून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तिथेच चूक झाली तर दुसऱ्या टप्प्यातलं सगळं गणित चुकेल.

सामान फार लागत नाही. आडव्या पाच रेघांची वही, पेन्सिल आणि खोडरबर (पेन नको), मोबाइलवर मेट्रोनोम (लयीची टकटक देणारं), ट्यूनर (सूर मोजणारं) आणि तंबोऱ्याचं अॅप, शिवाय घरात किंवा शेजारी एखादी पेटी नाहीतर छोटा कीबोर्ड. काठी आत्ता विकत घेऊ नका.

यानंतर आपल्या बँडमास्टरांना भेटा. "सर, मला कंडक्टिंग शिकायचंय, मी ज्या धूनमध्ये वाजवत नाही तेव्हा तुमचा कागद घेऊन मागे बसू का?" एवढंच विचारा. "मला एकदा बँड चालवू द्या" असं पहिल्या भेटीत मागू नका. मागे बसून ऐकण्याची परवानगी बहुतेक सर आनंदाने देतात, आणि टप्पा ३ मधलं ऐकण्याचं काम त्याच जागेवर होतं.

सावधान: हॉर्नचा रियाज सोडू नका. स्वतः वाजवणं थांबवलेल्या मुलाचं म्हणणं बँडमधले वादक लवकर ऐकेनासे होतात, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नाही.

## टप्पा १: हॉर्नने दिलेल्या सवयी ओळखा

हॉर्नवाल्याच्या काही गोष्टी कंडक्टर व्हायला फार उपयोगी असतात. तो सुरावटीच्या मधोमध बसलेला असतो, त्यामुळे कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे, मधले स्वर त्याला ऐकू येतात. ट्रम्पेटवाल्याला बऱ्याचदा फक्त स्वतःची धूनच ऐकू येते. लांबलचक विश्रामात बार (ठरावीक बीटचे कप्पे) मोजायची हॉर्नवाल्याला सवय असते. हॉर्नवर वरच्या पट्टीतले स्वर इतके जवळजवळ असतात की ओठ जरा हलला की शेजारचा स्वर वाजतो. म्हणून स्वर आधी मनात ऐकून मगच वाजवायचं, हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. पुढचं सगळं काम याच गुणावर उभं आहे.

पण तीन सवयी आड येतात, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

उजवा हात. फ्रेंच हॉर्नमध्ये कळा डाव्या हाताने दाबतात आणि उजवा हात वर्षानुवर्षं भोंग्यात ठेवलेला असतो. कंडक्टरची काठी मात्र उजव्या हातात असते. ज्या हाताने कधी लय दाखवलीच नाही, त्याच हाताकडे लय सोपवायची आहे. म्हणूनच बऱ्याच फ्रेंच हॉर्नवाल्यांचं मनगट सुरुवातीला ताठ असतं आणि हात खांद्यापासून हलतो. मेलोफोन आणि ई फ्लॅट हॉर्नवाल्यांना हा त्रास कमी होतो, कारण त्यांच्या कळा उजव्या हाताखाली असतात.

ऑफबीट. कूचगीतांत हॉर्नचं बरंचसं काम 'उम-पा'मधला 'पा' वाजवण्याचं असतं. हजारो 'पा' वाजवून शरीराला बीटच्या मागून यायची सवय लागते. असा वादक समोर उभा राहिला की हाताची बीट किंचित उशिरा पडते आणि बँड रेंगाळतो.

मागे वळलेला भोंगा. फ्रेंच हॉर्नचा आवाज मागे जाऊन भिंतीवरून परत येतो. त्यामुळे वादक स्वतःला उशिरा ऐकतो आणि ते भरून काढायला थोडं आधी वाजवतो. समोर उभं राहिल्यावर कुठला आवाज खरंच उशिरा आला आणि कुठला फक्त भिंतीवरून परत आला, हे कानाला नव्याने शिकवावं लागतं.

तपासा: मेट्रोनोम ९६ वर लावा आणि उजव्या हाताच्या एका बोटाने टेबलावर बीट द्या. मोबाइलवर दोन मिनिटं ध्वनिमुद्रण करून ऐका. टकटक मेट्रोनोमच्या मागे पडते का? पडत असेल तर रोज पाच मिनिटं फक्त हेच करा. टकटक आणि मेट्रोनोम एक झाल्यावरच पुढे जा.

## टप्पा २: पट्ट्यांचं गणित पाठ करा

बँडमध्ये एकाच वेळी सगळ्यांनी 'सी' वाचला तरी वाजणारे आवाज वेगवेगळे असतात. मुलांची सगळ्यात मोठी अडचण इथेच असते. तालमीत "सगळ्यांनी बी फ्लॅट द्या" म्हटलं की अर्धा बँड कागदावरचा बी फ्लॅट वाजवतो आणि उरलेला अर्धा खऱ्या पट्टीतला, म्हणजे पेटीवर बी फ्लॅट म्हणून ऐकू येतो तो. मग गोंधळ होतो, आणि गोंधळाचं कारण समोर उभा असलेला माणूसच असतो.

पेटीच्या भाषेत समजून घ्या. बँडची नेहमीची पट्टी म्हणजे काळी पाच, म्हणजेच खऱ्या पट्टीतला बी फ्लॅट. हाच आवाज हवा असेल तर प्रत्येकाने आपल्या कागदावरचा हा स्वर वाजवायचा:

- बासरी, ट्रॉम्बोन, ट्यूबा आणि खालच्या क्लेफमध्ये वाचणारा युफोनियम (क्लेफ म्हणजे पाच रेघांवर स्वरांच्या जागा ठरवणारी सुरुवातीची खूण): बी फ्लॅट
- ट्रम्पेट, कॉर्नेट, क्लॅरिनेट, टेनर सॅक्सोफोन: सी
- आल्टो सॅक्सोफोन, ई फ्लॅट हॉर्न: जी
- एफ पट्टीचा हॉर्न आणि मेलोफोन: एफ

पाठ करायची पद्धत अशी: रोज एक खरा स्वर घ्या, उदाहरणार्थ पांढरी चार, म्हणजे एफ. प्रत्येक वाद्यासाठी तो काय होईल ते आधी तोंडी सांगा, मग वहीत लिहा, मग पेटीवर वाजवून पडताळा. एफ हॉर्नचा स्वर लिहिलेल्यापेक्षा पाच स्वरांच्या अंतराने खाली वाजतो, म्हणजे 'प' लिहिला तर 'सा' ऐकू येतो. पेटी शिकलेल्या मुलांना हे फार लवकर समजतं.

युफोनियमकडे नीट लक्ष द्या. काही वादक वरच्या क्लेफमध्ये ट्रम्पेटसारखं वाचतात, काही खालच्या क्लेफमध्ये खऱ्या पट्टीत. एकाच बँडमध्ये दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बसलेले असू शकतात. पहिल्या दिवशीच विचारून वहीत नोंदवा.

तपासा: तुमच्या बँडमधल्या कुठल्याही दोन वाद्यांची नावं मित्राने सांगावीत, आणि एकाचा स्वर दुसऱ्यासाठी काय होईल ते तुम्ही तीन सेकंदांत सांगावं. अडखळत असाल तर टप्पा ३ सुरू करा, पण हेही रोज चालू ठेवा.

## टप्पा ३: कान

आपल्याकडे एक सोय आहे जी इतर देशांतल्या बँडच्या मुलांकडे सहसा नसते, ती म्हणजे तंबोरा. अॅपमध्ये काळी पाच लावा आणि हॉर्नवर लांब स्वर वाजवा. आधी षड्ज, मग पंचम, मग शुद्ध गंधार. तंबोऱ्याशी खरोखर जुळणारा शुद्ध गंधार कीबोर्डवरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. एका अर्ध्या स्वरात १०० सेंट असतात. ट्यूनरचा काटा मध्यावर आहे म्हणून कॉर्ड जुळली असं मानणाऱ्याचे सगळे मेजर कॉर्ड थोडे खडबडीत वाजतात. कॉर्डमध्ये गंधार ज्याच्याकडे असेल त्याला किंचित खाली यायला सांगा, लगेच आवाज एकजीव होतो. हॉर्नवाल्याकडे बऱ्याचदा तोच गंधार असतो, म्हणून हे तुम्हीच आधी शिकून घ्या.

पुढचं काम म्हणजे तालमीत मागे बसून एकाच वाद्याच्या मागे जाणं. पहिला आठवडा फक्त ट्यूबा किंवा जो कुणी बास वाजवत असेल तो. दुसरा आठवडा फक्त क्लॅरिनेट. तिसरा फक्त साइड ड्रम. मेलडी ऐकायचा मोह होतो, तो आवरा. मेलडी आपोआप ऐकू येते, तिच्यासाठी सराव लागत नाही.

वाद्यांच्या स्वभावाच्या काही गोष्टी कान ठेवून बघत जा. जोरात वाजवलं की क्लॅरिनेटचा सूर उतरतो आणि बासरीचा चढतो. तीनही कळा एकत्र दाबल्या की पितळी वाद्यांचा स्वर चढा लागतो. ट्रम्पेटवर खालचा डी आणि सी शार्प चढतात, त्यासाठी तिसऱ्या कळेची स्लाइड (सरकणारी नळी) बाहेर काढावी लागते. हे माहीत असेल तर तालमीत "कुणीतरी बेसूर आहे" असं मोघम म्हणायची वेळ येत नाही, नेमका उपाय सांगता येतो.

सावधान: सूर लावताना ट्यूनर हातोहात फिरवत बसू नका. बासपासून सुरुवात करा, त्यावर युफोनियम आणि ट्रॉम्बोन, मग हॉर्न, मग ट्रम्पेट आणि शेवटी लाकडी वाद्यं. खालच्या आवाजावर वरचा बसवायचा.

## टप्पा ४: कागद

आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असलेला कागद, नसतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेले सुटे भाग असतात, काहींचे कोपरे कापले गेलेले, बारचे आकडे कुठेच नाहीत. अशा वेळी स्कोअर तुम्हालाच बनवायचा आहे, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा धडा आहे. तयार स्कोअर मिळाला तरी एखाद्या छोट्या कूचगीतावर हे काम एकदा हाताने कराच.

४.१ सगळे भाग गोळा करा. प्रत्येकाचे बार मोजा आणि पेन्सिलने आकडे टाका. बेरीज जुळत नसेल तर रिपीटची खूण किंवा एक-दोन बार एखाद्या झेरॉक्समध्ये गायब झाले आहेत. तालमीच्या आधी शोधा. तालमीत शोधायला बसलात तर ३० मुलं वाट बघत बसतील.

४.२ चार ओळींचा छोटा स्कोअर लिहा: मेलडी, मधले आवाज, बास, ड्रम. सगळं खऱ्या पट्टीत लिहा. टप्पा २ इथेच कामी येतो.

४.३ वाक्यं शोधा. कूचगीताचे भाग बहुधा १६ बारचे असतात आणि त्यांत चार-चार किंवा आठ-आठ बारची वाक्यं असतात. वाक्याच्या शेवटी उभी रेघ मारा. पाच किंवा सहा बारचं वाक्य सापडलं तर ठळक खूण करा, बँड बरोबर तिथेच चुकतो. ट्रिओमध्ये, म्हणजे कूचगीताच्या नंतरच्या भागात, पट्टी बहुधा 'म'वर जाते आणि एक फ्लॅट वाढतो. तो वाढलेला फ्लॅट विसरणारा एक तरी वादक प्रत्येक बँडमध्ये असतो.

४.४ प्रत्येक आवाज गाऊन बघा. सरगममध्ये गा, 'ला ला'मध्ये गा, पण गा. गाता येत नसेल तर तो आवाज अजून तुमच्या डोक्यात बसलेला नाही. बासची ओळ आधी, मेलडी शेवटी.

४.५ खुणांची यादी करा. लांब विश्रामानंतर कोण येतंय, कुठे सगळे एकदम थांबतात, कुठे लय बदलते. एका पानावर पाच-सहापेक्षा जास्त खुणा नकोत. सगळीकडे खूण असेल तर ऐनवेळी एकही डोळ्यात भरत नाही.

तपासा: कागद उलटा ठेवा. आता बास किंवा ड्रमची ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणता येते का? अडखळलात ती जागा परत वाचा. ही तपासणी पार पडेपर्यंत टप्पा ५ कडे जाऊ नका.

## टप्पा ५: हात

आता काठी घ्या. १२ ते १६ इंचांची हलकी काठी पुरते. काठीची मूठ तळहातात बसते, अंगठा आणि पहिल्या बोटाची पकड सैल ठेवायची. काठी हाताच्या रेषेत पुढे असावी, वर ताठ उभी नाही.

पण पहिले दोन आठवडे काठीशिवायच करा. खिडकीच्या कठड्याइतक्या उंचीवर, म्हणजे साधारण बेंबीच्या जरा वर, एक आडवी रेषा मनात धरा. प्रत्येक बीट त्याच रेषेवर पडली पाहिजे. हात रेषेला टेकून उसळतो आणि बीट त्या टेकण्यातच असते. उसळी संथ असेल तर आवाज मऊ येतो, झटकन असेल तर तुटक येतो.

नकाशे तेच आहेत. दोन बीट: खाली, वर. तीन: खाली, उजवीकडे बाहेर, वर. चार: खाली, डावीकडे आत, उजवीकडे बाहेर, वर. ६/८ चं कूचगीत सहा बीटमध्ये दाखवू नका, दोनमध्ये दाखवा, नाहीतर पाऊल आणि हात जुळणार नाहीत.

फ्रेंच हॉर्नवाल्यांसाठी खास व्यायाम: डाव्या हाताने उजवं कोपर अंगाला हलकं दाबून धरा आणि फक्त मनगटाने चार बीट द्या. सुरुवातीला विचित्र वाटेल. मनगट मोकळं झाल्यावर कोपर सोडा, मग थोडा हात, आणि खांदा सगळ्यात शेवटी.

### सुरुवातीची तयारी-बीट

बँड पहिल्या बीटवर सुरू होतो, पण कसं वाजवायचं ते त्याच्या आधीच्या बीटवरून कळतं. तयारीच्या या एका बीटमध्ये लय, जोर आणि स्वभाव तिन्ही असावे लागतात. आणि ती बीट देताना तुम्ही स्वतः श्वास घ्यायचा, ऐकू येईल इतका. फुंकणारे वादक समोरच्या श्वासाबरोबरच श्वास घेतात. तुम्ही श्वास रोखलात तर त्यांचाही कोंडतो आणि पहिला स्वर फाटतो. हॉर्नवाल्याला हे शिकवावं लागत नाही, फक्त समोर उभं राहिल्यावरही तेच करायचं ही आठवण करून द्यावी लागते.

सावधान: "वन टू थ्री फोर" असं ओरडून सुरू करू नका. ही सवय लागली की तयारी-बीट कधीच शिकून होत नाही, आणि मैदानावर तुमचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचतही नाही.

### डावा हात

डाव्या हाताने उजव्याची आरशातली प्रत काढू नका. ही चूक जवळजवळ सगळे करतात. डावा हात बहुतेक वेळ खाली मोकळा ठेवा. तो उचलायचा तीनच कामांसाठी: कुणाला तरी आत बोलावणं, आवाज वाढवणं-कमी करणं आणि शेवट कापणं. एखाद्याला बोलवायचं असेल तर हाताच्या आधी नजर जाऊ द्या. दोन बीट आधी त्याच्याकडे बघितलं तर अर्धं काम झालेलं असतं.

### लय घसरली तर

बँड रेंगाळायला लागला की मुलं हात मोठा करतात. मोठ्या हाताला लांबचा रस्ता कापावा लागतो आणि लय आणखी घसरते. त्याऐवजी हात लहान, टोकदार करा आणि साइड ड्रमकडे बघा. ड्रम तुमच्यासोबत आला की बाकीचे येतात.

तपासा: एका मित्राला साइड ड्रम घेऊन समोर बसवा. तोंडाने काहीही न सांगता, फक्त तयारी-बीट देऊन त्याच्याकडून तीन वेगळ्या लयींत सुरुवात करून घ्या. त्याने पहिल्या ठोक्यापासून लय बरोबर पकडली तर हात बोलतोय. मग तोच खेळ हळू आणि जोरात या फरकासाठी करा.

## टप्पा ६: पहिली तालीम

पूर्ण बँड पहिल्यांदा मागू नका. आधी फक्त हॉर्न आणि युफोनियमची वेगळी तालीम घ्या. ही वाद्यं तुम्हाला आतून माहीत आहेत, चूक ऐकू येईल आणि उपायही सांगता येईल. मग सगळी पितळी वाद्यं, मग पूर्ण बँड.

४० मिनिटांचा तास मिळाला असेल तर असा वापरा: ५ मिनिटं लांब स्वर, ४ मिनिटं सूर, १५ मिनिटं नव्या धूनचा एकच अवघड भाग, १० मिनिटं जुन्या धूनची दुरुस्ती, ६ मिनिटं न थांबता पूर्ण वादन. शेवटची सहा मिनिटं कुठल्याही परिस्थितीत खाऊ नका. तासभर तुकडे तुकडे वाजवलेला बँड चिडून घरी जातो.

थांबवलंत तर तीन गोष्टी सांगा आणि लगेच पुन्हा सुरू करा: कोण, कुठे, काय. "ट्रम्पेट, बार १७, तिसरी बीट, छोटी." बस्स. "जरा नीट वाजवा", "फील येत नाहीये" अशा वाक्यांनी काही बदलत नाही. थांबवण्याआधी कारण डोक्यात तयार असलं पाहिजे. थांबवून मग विचार करत उभे राहिलात तर मागून "काहून थांबवलं बे?" येणारच, आणि तो प्रश्न रास्त असतो.

काल शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या मित्रांसमोर उभं राहणं अवघड जातं. त्यांच्याशी नेहमीचंच बोला, पण तालमीत कुणा एकाच्या नावाने चूक सांगू नका, विभागाच्या नावाने सांगा.

वस्तीतल्या किंवा लग्नाच्या बँडमध्ये संधी मिळाली तर तुमच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे वादक समोर असतील. तिथे "बास उशिरा येतोय" असं फर्मावण्याऐवजी "काका, बार ९ ला माझा हात स्पष्ट दिसतोय का? बास तिथे जरा मागे वाटतोय" असं विचारा. अर्ध्या वेळा हातच अस्पष्ट असतो आणि काका तेही सांगतात. या मंडळींपैकी अनेकांना नोटेशन वाचता येत नाही, सगळं कानावर असतं. त्यांना बारचे आकडे सांगून उपयोग नाही, धूनचा तुकडा गाऊन दाखवा. टप्पा ४.४ मध्ये गायचा सराव केला असेल तर ही वेळ निभावते.

## टप्पा ७: मैदान

हॉलमध्ये जमलेलं मैदानावर तसंच जमत नाही. नागपुरात प्रजासत्ताक दिन आणि महाराष्ट्र दिनाच्या संचलनासाठी कस्तुरचंद पार्क आहे, शाळांची आपापली पटांगणं आहेत. तिथे तीन गोष्टी आधी तपासा.

हवा. फुंकून वाजवायच्या वाद्यांचा सूर हवा तापली की चढतो आणि गारठली की उतरतो. नळीतली हवा एका अंशाने तापली तर स्वर सुमारे ३ सेंट चढतो. तुमच्या श्वासाने नळी आतून उबदार राहते म्हणून प्रत्यक्षात फरक यापेक्षा कमी पडतो, पण २६ जानेवारीच्या गारठ्यातली सकाळ आणि १ मेचं ऊन यांत तो कुणालाही ऐकू येईल इतका असतो. जानेवारीत वाद्यं पेटीतून काढून लगेच सूर लावू नका. आधी काही मिनिटं नुसती गरम हवा फुंकायला सांगा. मे महिन्यात वाद्यं उन्हात ठेवू नका आणि सगळ्यांच्या मुख्य स्लाइड थोड्या बाहेर काढून ठेवा. ग्लॉकेनस्पीलच्या, म्हणजे ठोकून वाजवायच्या वाद्याच्या, धातूच्या पट्ट्यांचे सूर उन्हाने चढत नाहीत, त्यामुळे मे महिन्यात बँड तिच्या वर जातो. तिला त्या दिवशी कमी वाजवायला सांगणं बरं.

अंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर लांबून ऐकणाऱ्याला आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा मिळतो, आणि तेज चालीत तो बीटचा पाचवा भाग होतो. मागच्या रांगेने पुढच्यांचा आवाज ऐकून वाजवलं तर त्यांचा आवाज पुढे आणखी उशिरा येतो. मागच्यांना डोळ्यांनी वाजवायला शिकवा: ड्रम मेजरची (बँडच्या पुढे चालून इशारे देणाऱ्याची) काठी किंवा तुमचा हात, दोन्हींपैकी एकच. चालत्या बँडमध्ये इशारे ड्रम मेजरचे असतात. तुम्ही दोघांनी मिळून आदल्या दिवशी ठरवून घ्या.

पाऊल. एनसीसीच्या कवायतीत तेज चाल मिनिटाला १२० पावलांची आणि पाऊल ३० इंचांचं असतं. १६ बारचा भाग म्हणजे ३२ पावलं, १६ सेकंद, ८० फूट. सलामी मंचापर्यंतचं अंतर आदल्या दिवशी पावलांनी मोजा, म्हणजे मंचासमोर धूनचा कुठला भाग येईल ते आधीच कळेल.

### राष्ट्रगीत

इथे स्वतःच्या मनाचं काही चालत नाही. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात, संक्षिप्त रूपाला सुमारे २०. बँडवर वाजवताना आधी ड्रमचा रोल असतो. केंद्र सरकारच्या नियमांनुसार संचलनात तो संथ चालीच्या सात पावलांचा असतो. हळू सुरू होऊन जास्तीत जास्त जोरावर जातो, मग पुन्हा मंद होतो, पण सातव्या पावलापर्यंत ऐकू यायला हवा. त्यानंतर एक बीट विश्राम, आणि मग राष्ट्रगीत. मिनिटाला ७० पावलांच्या संथ चालीने सात पावलं म्हणजे सहा सेकंद. ड्रमवाल्याकडून हे सहा सेकंद घड्याळ लावून बसवून घ्या. रोल मध्येच तुटला की कुणी उभं राहतं, कुणी बसून असतं. विश्रामाच्या त्या एका बीटवर तुमची तयारी-बीट द्यायची आहे, त्यामुळे रोल संपताना हात आधीच वर असला पाहिजे.

तपासा: मोबाइलवर घड्याळ लावून पूर्ण राष्ट्रगीत वाजवून घ्या. ५५ च्या पुढे गेलात तर लय संथ आहे. ओळींच्या शेवटी थांबायची सवय हे त्याचं नेहमीचं कारण असतं.

## टप्पा ८: पुढची वाट

कंडक्टर म्हणून थेट भरती जवळजवळ कुठेच होत नाही. आधी वादक म्हणून शिरावं लागतं. महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीत बँड्समनची पदं निघतात, वायुसेना आणि नौदल अग्निवीर संगीतकार घेतात, लष्कराच्या रेजिमेंटना बँड असतात. नागपूरकरांसाठी कामठीचं गार्ड्स रेजिमेंटल सेंटर आणि वायुसेनानगर ही जवळची ठिकाणं आहेत. लष्करातल्या वादकांना बँडमास्टरपर्यंतचं शिक्षण पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये मिळतं. अटी, वय आणि वाद्यांची यादी दर जाहिरातीत बदलू शकते, म्हणून मित्राच्या मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका, ताजी जाहिरात स्वतः वाचा. निवडीत वादन, नोटेशन वाचन आणि ऐकलेला स्वर जुळवून दाखवणं यांची कसून परीक्षा होऊ शकते.

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्थांच्या परीक्षा देणार असाल तर थिअरी मागे ठेवू नका. एबीआरएसएममध्ये सहावी ग्रेड आणि पुढच्या वादन परीक्षांना बसायला आधी थिअरीची पाचवी ग्रेड किंवा तिच्या तोडीचं काहीतरी लागतं. ऐनवेळी हे कळलं तर वर्ष वाया जातं. शाळेत असाल तर राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत ब्रास आणि पाइप बँडचे मुलांचे आणि मुलींचे वेगवेगळे गट असतात, तिथे सरांचा सहायक म्हणून काम करायला मागा.

आजपासूनच एक नोंदवही ठेवा: तारीख, जागा, धून, बँडमध्ये किती जण, काय बिघडलं, पुढच्या वेळी काय बदलणार. शक्य तेव्हा व्हिडिओ काढा, पण प्रेक्षकांच्या बाजूने नको, त्यात फक्त तुमची पाठ दिसते. मोबाइल बँडच्या मागे, शेवटच्या रांगेतल्या ट्यूबाच्या खांद्याच्या उंचीवर ठेवा, म्हणजे तुमचा चेहरा आणि दोन्ही हात वादकांना दिसतात तसे दिसतील. एकाच कॅमेऱ्याने, न कापता, सुरुवातीच्या श्वासापासून शेवट कापेपर्यंत. कुणी शिकवायला तयार झालं तर दाखवायला हाच व्हिडिओ द्या.